बैठक आणि उठाबशी



कोल्हापुरात पहाटे पाचच्या सुमारास एखाद्या तालमीत डोकावून पाहावे. गंगावेस म्हणा, मोतीबाग म्हणा, शाहूपुरी म्हणा. पंधरा-सोळा वर्षांची पोरे बैठका मारीत असतात. शंभर होतात, दोनशे होतात, अंगावरून घामाच्या धारा लागतात, तरी थांबायचे नाव नाही. कोणी त्यांना बांधून ठेवलेले नसते. आता त्याच वयाचा दुसरा एखादा मुलगा घ्या. तो अकरा वाजता शाळेत येतो. गृहपाठ झालेला नसतो. गुरुजी म्हणतात, "धर कान आणि काढ वीस उठाबशा." वर्ग हसतो, पोराची मान खाली जाते, आणि त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की बसते, की अंगाला कष्ट देणे म्हणजे शिक्षा.

गुडघे तेच, मांड्या त्याच, खाली बसून वर उठणेही तेच. तालमीत तिला बैठक म्हणतात, शाळेत उठाबशी. एकीने छाती फुगते, दुसरीने मान झुकते. असे का व्हावे, एवढाच प्रश्न आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. याचे उत्तर सापडले, तर शाळेच्या वयातल्या मुलामुलींना व्यायामाची गोडी कशी लावावी, या मोठ्या प्रश्नाचे उत्तरही आपल्या हाती लागेल.

प्रश्न मोठा आहे असे मी का म्हणतो? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली १४६ देशांतील ११ ते १७ वर्षांच्या मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध केली. रोज सरासरी तासभर अंग मोडून हालचाल व्हावी, एवढीच तिची अपेक्षा. त्या अपेक्षेला शंभरातली ८१ मुले उतरली नाहीत. मुलांमध्ये हे प्रमाण शंभरी ७८, आणि मुलींमध्ये शंभरी ८५. म्हणजे पाच मुलांपैकी चार मुले वाढीच्या ऐन वयात पुरेशी हालतच नाहीत.

हे ऐकून आमचा शेतकरी बांधव म्हणेल, "हे शहरातल्यांचं. आमची पोरं रानात राबत्यात की. त्यास्नी आणि येगळा व्यायाम कशापायी?" हा प्रश्न हसून सोडून देण्याजोगा नाही. रानात राबणारे अंग काटक असते, यात शंका नाही. पण जरा आपल्याच गावाकडे पाहा. पूर्वी दोन-तीन मैल चालत शाळेला जाणारी मुले आता वडापने किंवा एस.टी.ने जातात. वैरणीचा भारा मोटारसायकलवरून येतो. पाणी नळाला येते. हे सारे चांगलेच झाले, पोरांचे कष्ट वाचले. मात्र वाचलेला वेळ मैदानावर गेला नाही. तो शिकवणीत गेला आणि उरलेला मोबाईलच्या पडद्यावर गेला. शिवाय भांगलण करताना पाठ वाकते, हात चालतात, पण छाती धपापत नाही. हृदय आणि फुप्फुसे यांना मजबुती यायची, तर धावावे लागते, उड्या माराव्या लागतात, दम लागावा लागतो. म्हणून तज्ज्ञ सांगतात, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी, आणि त्यातले निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे काही हवे. ही साठ मिनिटे सलगच हवीत असे नाही, बरं का. शाळेला झपाझप चालत जाण्याची पंधरा मिनिटे, मधल्या सुट्टीतल्या शिवाशिवीची पंधरा, सायंकाळच्या कबड्डीची तीस, अशी बेरीज केली तरी चालते.

आता बैठकीकडे वळू. तालमीतले पोर आपण होऊन कष्ट करते, त्याची मला तीन कारणे दिसतात. पहिले, तालीम त्याने स्वतः निवडलेली असते. दुसरे, आपण वाढतो आहोत हे त्याला रोज दिसते. गेल्या महिन्यात पन्नास जोर निघत होते, आता ऐंशी निघतात, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. तिसरे, तेथे त्याला सोबत असते आणि वस्तादाची नजर असते. एक दिवस दांडी मारली, तर दुसऱ्या दिवशी वस्ताद विचारतो, "काल कुठं होतास?" आपण नसलो तर कोणाला तरी चुकल्यासारखे वाटते, ही जाणीव त्या वयात फार मोठी असते.

ही काही केवळ आपली कोल्हापुरी समजूत नाही. एडवर्ड डेसी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या तरुणांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना सुटलेल्या कोड्यामागे पैसे दिले, काहींना काहीच दिले नाही. पुढे पैसे बंद केले. तेव्हा असे दिसले, की ज्यांना पैसे मिळाले होते त्यांची रिकाम्या वेळी कोडे हाताळण्याची गोडी कमी झाली होती. मग डेसी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी पुष्कळ वर्षे या विषयाचा अभ्यास केला. माणसाला आतून हुरूप यायला तीन गोष्टी लागतात, असे त्यांनी मांडले: हे मी निवडले आहे, हे मला जमू लागले आहे, आणि मी येथे कोणाचा तरी आहे. आपल्या वस्तादांनी हे पुस्तकात वाचलेले नव्हते, पण हौद्याच्या कडेला उभे राहून ते तेच करीत आले.

उठाबशीत यांपैकी काहीच नसते. ती निवडलेली नसते, तिच्यात प्रगती मोजायची नसते, आणि सोबत्यांच्या जागी हसणारे असतात. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास बंदी केलेली आहे, हे तर आहेच. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी माझे शिक्षकांना कळकळीचे सांगणे आहे, की उठाबशा, मैदानाच्या फेऱ्या, उन्हात उभे करणे, यांना शिक्षेच्या यादीतून कायमचे काढून टाका. ज्या गोष्टीची मुलाला जन्मभर आवड लागावी असे आपण म्हणतो, तिलाच दंड करून कसे चालेल? गणित चुकले म्हणून कविता पाठ करण्याची शिक्षा दिली, तर त्या मुलाला कविता कधी आवडेल काय?

श्रोतेहो, शाळा आणि तालीम या आपल्याकडे दोन वेगळ्या वाटा झाल्या, पण मुळात त्या तशा नव्हत्या. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्याच राजाने देशभरच्या मल्लांना आश्रय दिला, आणि १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे राहिले. एकाच माणसाला दोन्ही गोष्टी हव्याशा वाटल्या, कारण त्याच्या दृष्टीने त्या दोन नव्हत्याच.

त्या परंपरेतले सर्वांत ठळक नाव खाशाबा दादासाहेब जाधव यांचे. जन्म १९२६, गाव कऱ्हाडजवळचे गोळेश्वर. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण तिच्या आधीची गोष्ट सांगत नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबांचा सहावा क्रमांक आला होता. मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथे गादीवर लढावे लागले. परत आल्यावर त्यांनी चार वर्षे कसून तयारी केली. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

शिक्षकहो, यातून दोन बोध घ्यावेत असे मला वाटते. पहिला, सहाव्या क्रमांकाचा मान. आपल्या शाळेच्या क्रीडास्पर्धेत सहावा आलेल्या मुलाला काय मिळते? काहीच नाही. तो पुढच्या वर्षी धावायलाच येत नाही. दुसरा बोध प्राचार्यांचा. घर गहाण ठेवायला कोणी आपणांस सांगत नाही. पण एका मास्तराचा आपल्यावर विश्वास आहे, ही गोष्ट विद्यार्थ्याला केवढे बळ देते, ते तेथे दिसते.

आता प्रत्यक्ष काय करता येईल, ते सांगतो. त्याला पैसा लागत नाही, थोडा निश्चय लागतो.

पहिली गोष्ट, खेळाचा तास खेळालाच द्या. सहामाही जवळ आली, की तो तास गणिताला नाही तर इंग्रजीला जातो. दहावीच्या वर्गात तर तो कागदावरच राहतो. एक तास गेल्याने अभ्यासक्रम पुढे सरकतो, हे खरे. पण मुलाला मात्र असा धडा मिळतो, की वेळ कमी पडला तर आधी कापायचे ते शरीर.

दुसरी गोष्ट, प्रत्येकाची स्वतःची वही. तीत महिन्यातून एकदा चार नोंदी: एका मिनिटात दोरीच्या उड्या किती, मैदानाच्या चार फेऱ्यांना वेळ किती, जागेवरून उभी उडी किती, बैठका किती. ही वही वर्गात मोठ्याने वाचायची नाही, भिंतीवर लावायची नाही. मुलाने तुलना करायची ती आपल्याच मागच्या महिन्याशी. जाडा मुलगा, दम लागणारी मुलगी, नेहमी शेवटी राहणारे पोर, यांना आयुष्यात पहिल्यांदा जिंकल्यासारखे वाटेल ते या वहीत.

तिसरी गोष्ट, संघ पाडण्याची रीत बदला. दोन कप्तान उभे करून एकेक गडी मागायला लावले, की सर्वांत शेवटी उरतो त्याचे मन मोडते. तो रोज तोच असतो. गुरुजींनी एक-दोन, एक-दोन मोजून संघ पाडावेत. आणि खेळ निवडायला मुलांना वाव द्यावा. कोणाला कबड्डी, कोणाला खो-खो, कोणाला फुटबॉल. कोल्हापूर कुस्तीचे तसेच फुटबॉलचेही शहर आहे, हे मी सांगायला नको. आणि ज्याला पळापळ नको वाटते त्याच्यासाठीही खेळ आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शिक्षकाचा मुलगा. २००९ साली तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी त्याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. ज्या खेळात अंग स्थिर ठेवावे लागते, असा तो खेळ. या दोन तारखांच्या मध्ये पंधरा वर्षे आहेत, हेही मुलांना सांगा.

चौथी गोष्ट, "काल कुठं होतास?" हे विचारणे. हजेरीसाठी विचारू नका, काळजीने विचारा. याला दमडीचा खर्च नाही.

माताभगिनींनो, आता थोडे मुलींविषयी. सातवी-आठवीपर्यंत लंगडी आणि खो-खो खेळणारी मुलगी नववीत एकाएकी मैदानाच्या कडेला उभी राहते. "आता मोठी झालीस, पळापळ शोभत नाही," असे तिला घरी सांगितलेले असते. पण हाडे भरण्याचे वय नेमके हेच. अठरा-वीस वर्षांपर्यंत हाडांचा बहुतेक साठा तयार होतो, आणि पुढे उभा जन्म तो पुरवावा लागतो. पाळीच्या दिवसांत व्यायाम केल्याने अपाय होत नाही. झेपेल तेवढी हालचाल केली तर पुष्कळ मुलींचे पोटात दुखणेही कमी होते. शाळेत पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह आणि खेळायला सैल कपडे, एवढे मिळाले तरी निम्म्या मुली मैदानावर परततील. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला नेमबाजीत जगज्जेत्या झाल्या, आणि कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतले. त्यांनाही कोणीतरी घरातून "जा" म्हटले असेल, तेव्हाच हे झाले.

मुलींची दुसरी अडचण रक्ताची. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींपैकी ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. अशी मुलगी जिना चढताना थकते, वर्गात पेंगते, आणि आपण तिला आळशी म्हणतो. ती आळशी नसते, तिच्या अंगात लोह कमी असते. शाळेतून आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. शौचाला काळपट झाले तर भिऊ नये, ते लोहामुळे होते. जंताची गोळीही चुकवू नये. पायांत चप्पल घालावी, जेवणाआधी साबणाने हात धुवावेत.

आहाराविषयी लांबण लावत नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी-शेपूची भाजी, वर लिंबाची फोड, मूठभर शेंगदाणे. राधानगरी, आजरा, चंदगडकडे नाचणी. यात वाढत्या अंगाला लागणारे पुष्कळ काही आहे. लिंबाने अन्नातले लोह अंगी लागते आणि जेवणाबरोबरचा चहा ते लागू देत नाही, एवढे ध्यानात ठेवा. कोल्हापूरला धारोष्ण दुधाचा अभिमान आहे, तो मलाही आहे. पण कच्च्या दुधातून रोगजंतू जातात, म्हणून मुलांना दूध उकळूनच द्यावे. आणि एक गोष्ट पालकांनी विशेष ध्यानी घ्यावी. शाळेतले मध्यान्ह भोजन आठवीपर्यंत मिळते. नववीत ते बंद होते, आणि भूक तर तेव्हाच सर्वांत जास्त असते. मग पोर पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटावर दुपार काढते. त्याऐवजी भाकरी आणि भाजीचा डबा बांधून द्या. अंग कमावण्यासाठी डब्यातली पूड किंवा सुई कोणी सुचवीत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऐकू नका.

झोपेचेही तसेच. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे पाचला तालमीत जाणारा मुलगा रात्री नऊला अंथरुणावर हवा. अकरा-बारापर्यंत मोबाईल पाहून पहाटे उठवले, तर तो व्यायाम अंगी लागत नाही. रात्री मोबाईल स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवावा, आणि हा नियम वडिलांनीही पाळावा.

शेवटची सवय तंबाखूची. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. टपरी आत असेल तर ग्रामसभेत बोलण्याचा आपल्याला हक्क आहे. पण कित्येक घरांत पोराच्या तोंडाला तंबाखू प्रथम लागतो तो टपरीवर नव्हे, आपल्याच चुलीपुढे, मशेरीच्या रूपाने. आजी लावते, आई लावते, म्हणून मुलगी लावते. मशेरी हा दात घासण्याचा पदार्थ नाही, तो भाजलेला तंबाखू आहे. त्यानेही तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. मुलांना उपदेश करण्याआधी घरातल्या फळीवरची ती डबी काढली पाहिजे.

बंधुभगिनींनो, आपण नेहमी तक्रार करतो, की आजच्या पोरांना उमेद नाही. पण उमेद आधी येते आणि मग माणूस उठतो, असे क्वचितच घडते. बहुधा आधी उठावे लागते. वेळ ठरलेली असावी, सोबती असावेत, कोणीतरी वाट पाहणारे असावे. चार आठवडे असे गेले, की मग उमेद मागून चालत येते. म्हणून मुलांना उमेद शिकवू नका, ती उगवेल अशी जमीन तयार करून द्या. तालीम हे काम गावातल्या दहा-वीस पोरांसाठी करते. शाळेने ते पटावरच्या प्रत्येक मुलासाठी आणि प्रत्येक मुलीसाठी करावे. येत्या सोमवारी खेळाचा तास असेल. तो कोणाला देऊ नका. मुलांना मैदानावर न्या, आणि जमल्यास त्यांच्याबरोबर आपणही चार बैठका मारा.